धाकटीने नट निवडले

धाकटीच्या कानांजवळचे केस पांढरे झाले तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. तिचा नवरा दोन भावांतला धाकटा, म्हणून ती धाकटी; त्या घरात माणसाचं वय वाढत असे, हुद्दा नाही. थोरल्या दिराला मात्र अख्खा रस्ता उस्ताद म्हणे. हे नाव त्याला कोणी दिलं याची चौकशी केली तर ते त्यानेच दिलं होतं असं निघतं, पण ते दुकानाच्या पाटीवर चढल्यापासून त्यावर कोणी शंका घेतली नाही.

दुकान गाड्यांच्या चाकांचं. पुढे रस्त्याच्या बाजूला पत्र्याची उंच शेड; तिथे जॅक, हवेचा पंप, टायर उतरवायचं यंत्र आणि उस्तादचा आवाज. मागे, जाड भिंतीपलीकडे रंगखोली. तिथे वाळूचा फवारा मारायची पेटी, पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची पूड फवारायची गन, मोठी भट्टी आणि धाकटी. मधल्या भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर एक चौकोनी झरोका होता. तो माणसांसाठी नव्हताच. पुढून खराब चाक आत सरकवायचं, मागून रंगवलेलं चाक बाहेर द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या काठाला धाकटीने जुन्या टायरची पट्टी ठोकली होती, चाकाला ओरखडा पडू नये म्हणून. तिथपर्यंतची जबाबदारी आपली, पुढचं पुढचे बघतील, असं ती बरीच वर्षं मानत आली. सगळा घोळ याच मानण्यात होता.

लग्नाआधी ती लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगाच्या विभागात कामाला होती. पृष्ठभाग किती साफ हवा, पावडर किती बसवायची, भट्टी किती तापवायची, हे ती तिथे शिकली. इकडे आली तेव्हा मागच्या खोलीत फाटके टायर आणि उंदीर राहत होते. उंदीर लवकर हलले. उस्ताद हलायला वेळ लागला.

"चाक म्हणजे काय कपाट आहे? चाकं रंगवून घ्यायला कोण येणार आहे तुझ्याकडे?" तो म्हणाला होता.

आले. नवी गाडी घेतल्या घेतल्या जिला कंपनीची चाकं अंगावर आल्यासारखी वाटतात, अशी एक जमात प्रत्येक गावात असते. ही माणसं बाहेरून वेगळी अलॉय चाकं आणतात, मग त्यांना त्या चाकांचा रंगही पटत नाही. धाकटीने कुणाला काशाचा रंग दिला, कुणाला बंदुकीच्या नळीचा. लोक येऊन चाकांवरून हात फिरवायचे आणि पुढे जाऊन उस्तादचे आभार मानायचे. उस्ताद ते स्वीकारायचा.

बिघडलं ते औषधवाल्यामुळे. औषधवाला म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. त्याने आपल्या नव्या चाकांना काशाचा रंग मारून घेतला, उस्तादकडून ती बसवून घेतली आणि घरी जाऊन गाडी धुतली. धुताना त्याला दिसलं की चाकाच्या मधोमध, जिथे नट आवळतात, तिथल्या प्रत्येक भोकाच्या काठावरचा रंग उडालाय आणि चंद्रकोरीसारखं पांढरं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलंय. तो तसाच ओल्या गाडीनिशी परत आला.

शेडमध्ये तेव्हा बरीच गिऱ्हाइकं होती. उस्तादने गुडघ्यावर बसून भोकांकडे पाहिलं, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने उसासा टाकला.

"रंग कच्चा," तो म्हणाला. "घरची बाई करते हो. काय करणार, सांभाळून घ्यावं लागतं."

गिऱ्हाइकं समजूतदारपणे हसली. प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी सांभाळून घेतलेलं होतं.

झरोक्याच्या अलीकडे धाकटी एक चाक घेऊन वाकलेली होती. तिने सगळं ऐकलं. तिचा नवरा पुढेच उभा होता, हातात पाना घेऊन. त्यानेही ऐकलं, आणि पान्याचं तोंड पुसायला घेतलं.

"कच्चा" हा शब्द तिने एक वेळ गिळला असता. रंगाऱ्याला तो ऐकावा लागतो. "सांभाळून घ्यावं लागतं" हे मात्र तिच्या घशात अडकलं ते अडकलंच. या दुकानातलं निम्मं गिऱ्हाईक तिच्या रंगामुळे येत होतं. कोण कुणाला सांभाळत होतं, हे भिंतीच्या मागच्या बाजूने अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"दादाचं काय मनावर घेतेस? त्याला बोलायची सवय आहे."

"आणि तुम्हाला पाना पुसायची."

दुसऱ्या दिवशी उस्ताद बाहेर गेल्यावर ती पहिल्यांदा पुढच्या शेडमध्ये गेली आणि नटांचा डबा उपडा केला. डब्यात जगातले सगळे नट होते. कुणाचं क्रोम पापुद्र्यासारखं सुटलेलं, कुणाची चाकाला टेकणारी बैठक गोलसर, कुणाची चपटी. उस्तादचा सिद्धांत असा की नटाचे आटे जुळले म्हणजे नट जुळला. आटे तर जुळायलाच हवेत, पण बाहेरून आणलेल्या चाकांची भोकं अरुंद असतात आणि आतली बैठक बहुतेक वेळा शंकूसारखी असते. तिथे गोलसर बैठकीचा नट घातला तर तो नीट टेकत नाही, सैल होण्याची भीती राहते. जाड अंगाचा असला तर आवळताना भोकाचा काठ खरवडत जातो. त्यात उस्ताद नट आवळायच्या हवेच्या गनला जाड भिंतीचं सॉकेट लावून नट असा फिरवायचा की सॉकेटही भोकाच्या अंगाला घासत असे. खुद्द बैठकीच्या जागी धाकटी रंग लावतच नसे. तिथे गोल पट्टी चिकटवून मगच चाक भट्टीत जाई. म्हणजे रंग जिथे हवा होता तिथे पक्का होता. त्याच्यावरून कोणी नांगर फिरवेल हे तिने गृहीत धरलं नव्हतं.

तिने हे नवऱ्यामार्फत उस्तादला कळवलं. सरळ बोलायची पद्धत नव्हती. उत्तरही नवऱ्यामार्फत आलं.

"दादा म्हणतो, नट मी निवडतो, रंग ती निवडते. ती लाल म्हणाली तर मी कधी हिरवा म्हणालोय का?"

"बरं," धाकटी म्हणाली.

तिला ओळखणारी माणसं या "बरं"ला घाबरत. दुर्दैवाने तिला ओळखणारं त्या घरात कोणी नव्हतं.

सूड घ्यायचा तर घाई करायची नाही, एवढं तिला भट्टीने शिकवलं होतं. तिने भंगारातलं एक तडकलेलं चाक घेतलं आणि त्याचा एका भोकापुरता तुकडा कापून काढला. त्याला रंग दिला, भाजला, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला आणि सुट्ट्या भागांच्या बाजारात गेली. लोक बूट घ्यायला पाय नेतात, तशी ही नट घ्यायला भोक घेऊन गेली.

नटवाल्या म्हाताऱ्याला आधी वाटलं, बाईंना काहीतरी मोडलेलं विकायचंय.

"हे घेत नाही आम्ही," तो म्हणाला.

"देत नाहीये. यात बसवून बघायचंय."

"ताई, नट असे बसवून बघत नाहीत."

"म्हणूनच ओरखडे पडतात."

म्हाताऱ्याने स्टूल पुढे केलं. त्याने आधी रंगीत नट काढले. लाल, निळे, जांभळे, पेपरमिंटच्या गोळ्यांसारखे. ते अ‍ॅल्युमिनियमचे होते. "दिसायला छान, पण दोनदा जोरात आवळले की आटे जातात," त्याने स्वतःच सांगितलं. "हे शोरूममध्ये उभ्या गाडीला." मग काळ्या रंगाचे पोलादी आले, तिने तुकड्यातून बोल्ट घालून एक आवळून सोडवला तर नटाचाच काळा रंग तिच्या तुकड्याला लागला. "याचा रंग खरा कच्चा," ती म्हणाली आणि तिला इतका आनंद झाला की म्हाताऱ्याने तिच्याकडे चमकून पाहिलं.

शेवटी त्याने खालच्या खणातून एक डबी काढली. पोलादी नट, अंगाने सडपातळ. शंकूसारखी बैठक नटाला जोडलेली नव्हती, वेगळी होती: नट फिरायचा आणि बैठकीची कडी चाकाला टेकून जागच्या जागी स्वस्थ राहायची. घासायला काही उरतच नव्हतं. नटाला षटकोनी डोकंही नव्हतं. अंगावर बारीक खाचा, त्या खाचांत बसणारी पातळ पोकळ चावी, आणि त्या चावीवर पाना लावायचा.

"पण हे भानगडीचे आहेत, ताई. चावी नसेल तर उघडत नाहीत. आणि चावीला गन लावायची नाही. हातानेच. गन लावली की चावी फुटते. लोक ऐकत नाहीत. परत आणून माझ्या डोक्यावर फेकतात."

धाकटीने तो नट तुकड्यात घातला, आवळला, सोडवला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडवला. मग चष्मा वर करून भोकाचा काठ बघितला. काठ जसाच्या तसा होता. पण तिचं लक्ष आता काठाकडे नव्हतं. म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य तिच्या मनात हळूहळू तापत होतं.

"लोक ऐकत नाहीत?" तिने विचारलं.

"शहाणे तर मुळीच नाही."

"डबी द्या. आणि चाव्या दोन-दोन हव्यात."

तेव्हापासून रंगखोलीत रंग निवडायला येणाऱ्या प्रत्येकाला धाकटी एकच गोष्ट अत्यंत नम्रपणे सांगू लागली. "माझा रंग कच्चा आहे. पुढे विचारा, तेच सांगतील. म्हणून हे नट घेऊन जा." गिऱ्हाईक गोंधळायचं. आपला माल वाईट आहे असं दुकानदार सांगतो तेव्हा माणसाचा विश्वास पटकन बसतो. एक चावी गिऱ्हाइकाच्या गाडीत जायची, दुसरी धाकटीच्या कमरेच्या जुडग्यात. औषधवाल्याची चाकं तिने पदरमोड करून पुन्हा रंगवली आणि त्यालाही तेच नट दिले. ती बसवली तिच्या नवऱ्याने, उस्ताद जेवायला वर घरी गेला असताना, हाताने, तिने हातात दिलेल्या, ठरावीक जोर लागला की टिक् वाजणाऱ्या टॉर्क पान्याने. "टिक् झालं की थांबायचं," तिने झरोक्यातून सांगितलं. तो टिक् झाल्यावर थांबला. असं कोणी वेळेवर थांबायला सांगितलेलं त्याला आवडलं असावं. तो सगळी चाकं होईपर्यंत शीळ घालत होता.

उस्तादला हे नट आवडले नाहीत, पण गिऱ्हाइकाने आणलेले नट नाकारता येत नाहीत. मग धाकटीने एक दिवस झरोक्याशी वाकून, दिराशी सहसा न वापरलेल्या मोकळ्या आवाजात, चार लोकांदेखत सांगितलं:

"भावोजी, या चाव्यांना गन लावू नका बरं का. तुम्हाला जमणार नाही."

पहिलं वाक्य खरं होतं आणि दुसरं मुद्दाम घातलेलं होतं. उस्तादला आयुष्यात जी काही कामं आली, ती "जमणार नाही" असं कोणीतरी म्हटल्यामुळे आली होती. नुसतं पहिलं वाक्य सांगितलं असतं तर कदाचित त्याने पाळलंही असतं, आणि धाकटीला ती जोखीम घ्यायची नव्हती.

"मला शिकवते," उस्ताद गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला.

पुढचे काही दिवस ती कान देऊन काम करत होती. गनची घरघर सुरू झाली की हातातलं चाक खाली ठेवायची. घरघर नीट संपली की पुन्हा उचलायची. नवरा म्हणाला, "अगं, तू दचकतेस का?" ती म्हणाली, "दचकत नाही. वाट बघतेय."

तो दिवस आला तो सुट्टीच्या आदल्या सकाळी. सगळ्यांनाच त्या दिवशी गावाबाहेर जायचं असतं आणि सगळ्यांनाच हवा भरून हवी असते. शेडच्या तोंडापासून रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. औषधवाल्याच्या मागच्या चाकात खिळा घुसला होता. त्याने गाडीतून चावी काढून उस्तादच्या हातात दिली आणि वर सांगितलं, "हाताने हं. वहिनींनी बजावलंय."

हे त्याने बोलायला नको होतं. किंवा धाकटीच्या बाजूने पाहिलं तर हे त्याने फार छान केलं. उस्तादने गाडी जॅकवर घेतली, लोकांकडे एकवार बघितलं, चावी गनला लावली आणि ट्रिगर दाबला. पहिला नट सुरळीत निघाला. उस्ताद हसला. दुसऱ्याला कडकन आवाज झाला आणि चावी उभी चिरली. अर्धी जमिनीवर पडली, अर्धी नटावर घट्ट बसून राहिली.

गाडी एका बाजूने उचललेली, चाक निघत नाही, गाडी हलत नाही, आणि मागे हॉर्न वाजायला लागलेले. उस्तादने हातोडा मागवला. साधं सॉकेट नटावर ठोकून बसवायचं असा त्याचा बेत होता.

"खबरदार!" औषधवाला ओरडला. "माझ्या चाकावर हातोडा?"

"दादा," धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दुसरी चावी तिच्याकडे आहे."

"मग आण ना. तोंड काय बघतोस?"

तो झरोक्याशी जाऊन वाकला. आतून उत्तर आलं, आणि ते त्याने जसंच्या तसं पोचवलं. निरोप पोचवण्याची त्याला आयुष्यभराची सवय होती. फक्त या वेळी तो निरोप सांगताना जमिनीकडे बघत नव्हता.

"ती म्हणते, ज्यांनी मोडली त्यांनी यावं."

उस्ताद दोनदा तिथूनच ओरडला. आत भट्टीचा पंखा मोठा झाला. मग तो गेला. झरोका गुडघ्याएवढा; चाकासाठी केलेला. उस्तादला आधी कमरेत वाकावं लागलं, मग गुडघा टेकावा लागला, मग दुसराही. पाटीवर नाव असलेला माणूस भिंतीत डोकं घालून बसलाय हे बघायला रस्त्यावरच्या गाड्यांतले लोकही उतरले.

"चावी दे," तो म्हणाला.

"कसली, भावोजी?"

"तुला माहितीये कसली. आहे ती मोडली."

"अगं बाई. कच्ची होती का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. उस्तादच्या मानेवरची शीर फुगली.

"हे बघ धाकटे, लोक खोळंबलेत. नाटकं नंतर कर."

"मी कुठे करतेय? चावी कच्ची होती, की कोणी गन लावली, एवढंच विचारतेय. बाजारात परत द्यायला जायचं तर सांगावं लागतं."

बाहेर हॉर्न वाजतच होते.

"गन लावली मी," तो म्हणाला.

"पंखा चालू आहे. ऐकू येत नाही."

"गन लावली! मी लावली!"

हे रस्त्यापलीकडे ऐकू गेलं. औषधवाला आता त्याच्या शेजारीच वाकला होता. औषधं विकणाऱ्या माणसाला दोन लक्षणं जोडायला वेळ लागत नाही.

"म्हणजे मागच्या खेपेला माझ्या भोकांचा रंग गेला, तो...?"

"त्यांना विचारा," आतून धाकटी म्हणाली. "सांभाळून घेतात ते सगळ्यांना. मला काय कळतं?"

"उस्ताद?"

उस्तादने डोकं झरोक्यातून बाहेर काढलं. काढताना ते वरच्या काठावर आपटलं, आणि हा भाग धाकटीने ठरवलेला नव्हता, वरकड मिळाला.

"नटांनी गेला," तो डोकं चोळत म्हणाला. "नट चुकीचे होते. झालं?"

झालं नव्हतं. हात पुढे करून थांबलेल्या उस्तादला तिने चावी दिलीच नाही. ती मागच्या दाराने, बोळातून वळसा घालून, पुढच्या शेडमध्ये आली. हातमोजे काढलेले, ओढणी खोचलेली, कपाळावर काशाच्या रंगाची पूड. लोकांनी वाट करून दिली. बऱ्याच जणांना हा रंग देणारी बाई आज पहिल्यांदा दिसत होती. तिने चिमट्याने चावीचा अडकलेला तुकडा ओढून काढला, दुसरी चावी लावली, लांब पाना घातला आणि एकेक नट हाताने सोडवला. मग चाक बाजूला ठेवून औषधवाल्याला भोकं दाखवली. काठ शाबूत होते.

"बघून घ्या," ती म्हणाली. "घरची बाई करते."

पाना तिने नवऱ्याच्या हातात दिला, भावासमोर. "माझ्या चाकांना यापुढे तुम्ही हात लावायचा. दुसरं कोणी नाही." आणि चावी पुन्हा कमरेला अडकवून ती आली त्या वाटेने निघून गेली.

त्या दिवसापासून पुढची शेड हळूहळू बदलली. लोक आत शिरताच उस्तादला ओलांडून धाकट्याला विचारू लागले. टिक् टिक् असा आवाज येऊ लागला. उस्तादकडे हवा भरणं राहिलं. ते काम तो वाईट करत नव्हता. कोणी नवं गिऱ्हाईक आलं आणि उस्तादने गनकडे हात नेला की जुनं गिऱ्हाईक म्हणायचं, "उस्ताद, चावी कुणाकडे आहे माहितीये ना?" हा विनोद इतक्या जणांनी केला की त्यात विनोद उरला नाही, तरी लोक करत राहिले.

धाकटी त्याच्याशी घरात नेहमीपेक्षा गोड बोलू लागली. जिन्यात भेटला तर बाजूला होऊन म्हणायची, "या भावोजी, तुम्ही आधी." त्याला जिना चढणंही जड जाऊ लागलं.

नवरा एकदा म्हणाला, "आता पुरे कर. चुकलं त्याचं. म्हणालाही तो."

"मी ओढून काढलं म्हणून म्हणाला. आपणहून एकदा म्हणू दे."

"तो मरेपर्यंत म्हणणार नाही."

"मग तोवर तरी मला काम आहे."

शेवटी थोरली जाऊ आली. एरवी ती रंगखोलीत पाय ठेवत नसे, साडीला पावडर लागते म्हणून. त्या दिवशी ती दारात उभी राहिली, मग आत आली, रिकाम्या डब्यावर बसली आणि पदराने वारा घेऊ लागली. भट्टी चालू होती.

"मी त्यांची बाजू घ्यायला नाही आले," थोरली म्हणाली. "मी पण ऐकलंय त्यांचं काय काय. माझा स्वयंपाकही ते असाच सांभाळून घेतात, लोकांसमोर. पण आता रात्रीचे भिंतीकडे तोंड करून बसतात गं. कुणाशी बोलत नाहीत. जेवणही निम्म्यावर आलंय."

धाकटीने भट्टीचं दार किंचित उघडून आतल्या चाकाचा रंग बघितला, आणि पुन्हा लावलं. अजून व्हायचा होता.

"निम्मं जेवतात?" तिने विचारलं.

"निम्मंच."

"म्हणजे निम्मं अजून जातंय," धाकटी म्हणाली, आणि जावेसाठी पंखा तिच्याकडे वळवून दिला.